पांच गाड्यांचें शेत

मोटारीच्या मागें घर जोडून सुटीला निघणारा मनुष्य आमच्याकडील मंडळींस अर्धवट वाटावा यांत नवल नाहीं. १९९१ सालीं आम्ही इंग्लंडांत पहिली कॅरॅव्हॅन घेतली आणि तें वर्तमान मोठ्या अभिमानानें वाईस कळविलें. आईचें उत्तर आलें, “चार दिवस घर सोडून जावयाचें, तर घर बरोबर कशाला?” या प्रश्नाला मला अद्यापि समाधानकारक उत्तर सुचलेलें नाहीं. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरची एक खोली. तींत बिछाने, चूल, चार भांडीं आणि कपाटाएवढें न्हाणीघर. आरमारांतून निवृत्त झालेले डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनीं १८८५ सालीं घोड्यांनीं ओढावयाची अशी एक गाडी केवळ हौसेसाठीं बांधवून घेतली, आणि १९०७ सालीं अशा हौशी लोकांचा क्लबही निघाला. घोडे गेले, मोटारी आल्या, वेड मात्र कायम राहिलें. मला तें एका इंग्रज सहकाऱ्यापासून लागलें व तीस वर्षें सुटलें नाहीं.

परंतु मला आज लिहावयाचें आहे तें गाडीविषयीं नव्हे. ती रात्रीं जेथें उभी रहाते त्या जागेविषयीं. युद्धानंतर घरांच्या टंचाईमुळें पुष्कळ कुटुंबें कॅरॅव्हॅनींतच संसार थाटूं लागलीं आणि वाटेल त्या माळावर तळ पडूं लागले. म्हणून १९६० सालीं पार्लमेंटनें कायदा करून असा तळ चालविणाऱ्यास परवाना आवश्यक केला. पण त्याच कायद्यांत एक लहानशी फट ठेवली. मान्यता पावलेल्या क्लबानें आपल्या सभासदांसाठीं एखाद्या शेताला दाखला दिला, तर तेथें परवान्यावांचून एका वेळीं पांच कॅरॅव्हॅन उतरूं शकतात. पांच म्हणजे पांच. सहावी आली कीं कायदा जागा होतो. या फटींतून इंग्लंडभर शेंकडों शेतांचीं फाटकें आमच्यासारख्या शहरी लोकांना उघडलीं.

आमचें शेत हरफर्डशर परगण्यांत, डोर नदीच्या खोऱ्यांत होतें. या खोऱ्याला गोल्डन व्हॅली म्हणतात. पश्चिमेस ब्लॅक मौंटन्सची लांबच लांब सपाट धार आणि तिच्यापलीकडे वेल्स. फाटकाशीं क्लबाची छोटी पाटी. आंत कुरणाच्या कोंपऱ्यांत खांबाला बांधलेला पाण्याचा नळ, संडासाची पेटी रिकामी करावयाचा खड्डा आणि केराचा डबा. याहून अधिक सोय नव्हती. गोठ्याच्या दाराशीं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेविलेला असे. रात्रीचे तीन पौंड त्यांत टाकावयाचे. ते कोणी मोजीत नसे. पाण्यासाठीं एक वाटोळें पिंप मिळतें. त्याला दांडा लावून तें गवतावरून लोळवीत न्यावें लागतें. इस्पितळांत स्वतःची खुर्चीही न सरकविणारा मी, येथें सकाळ-संध्याकाळ पिंप लोळवीत हिंडे व त्याबद्दल पत्नीच्या थट्टेस पात्र होई.

अशा शेतावर उतरणारा मनुष्य पाहुणा नसतो, आणि नुसतें गिऱ्हाईकही नसतो. एका एप्रिलांत रात्रीं अकराच्या सुमारास आमच्या दारावर थाप पडली. बाहेर म्हातारा शेतकरी, हात कोपरापर्यंत माखलेले. “तुम्ही डॉक्टर ना? चला.” एक मेंढी अडली होती. मी डोळ्यांचा डॉक्टर, मेंढीच्या बाळंतपणांतलें मला काय कळणार, असें मीं नम्रपणें सांगितलें. “विजेरी धरतां येते ना?” असें विचारून तो चालूं लागला. पाऊण तास मीं विजेरी धरली. दोन कोकरें झालीं, एक जगलें. दुसऱ्या दिवशीं पायरीवर सहा अंडीं ठेविलेलीं आढळलीं. माझ्या आयुष्यांतील ती सर्वांत लहान आणि सर्वांत रोख फी.

१९९४ च्या ऑक्टोबरांत अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे आले. लंडनांतील राजवाडे व संग्रहालयें पाहून ते सभ्यपणें कंटाळले होते. शेतावर आल्यावर त्यांनीं पहिली गोष्ट केली ती ही कीं, बूट काढले व नांगरलेल्या कडेची माती चिमटींत घेऊन चोळली. त्या परगण्याची माती तांबडी आहे. “काय रे, महाबळेश्वराकडची माती इकडे कोणी आणली?” असें ते म्हणाले. पुढें सफरचंदाच्या बागेंत गेलों. पानें गळूं लागलेल्या फांद्यांवर बांडगुळाचे हिरवे गोल झुबके लोंबत होते. हीं सफरचंदें खाण्याचीं नव्हेत, मद्याचीं. आणि तें बांडगूळ नाताळांत बाजारांत विकलें जातें, असें मीं सांगितलें. अण्णांना पहिल्या गोष्टीपेक्षां दुसरीचा धक्का अधिक बसला. “आंब्याला बांडगूळ धरलें तर आम्ही फांदी छाटतों, आणि हे लोक तें विकतात?” नाताळांत त्याच्याखालीं उभें राहून काय करण्याची चाल आहे, तें मीं त्यांना सांगितलें नाहीं.

त्या आठवड्यांत अण्णा व तो म्हातारा रोज सकाळीं गुरें पहावयास बरोबर जात. अण्णांचें इंग्रजी शाळामास्तरांचें, व्याकरणशुद्ध. म्हाताऱ्याचें त्या खोऱ्याबाहेर कोणास समजेल असें नव्हतें. तरी पांढऱ्या तोंडाच्या तांबड्या हरफर्ड गाईंपुढें उभे राहून दोघे तासन्‌ तास बोलत. एकदां म्हाताऱ्यानें विचारलें, तुमची जमीन किती? “होती,” असें म्हणून अण्णांनीं आंकडा सांगितला. मग विकली कां? अण्णांनीं माझ्याकडे बोट दाखविलें. माझ्या शिक्षणासाठीं वाईजवळचा मळा गेला, हें मला माहीत होतें. पण तें त्यांच्या तोंडून मीं प्रथम ऐकलें तें या परक्या कुरणांत. म्हाताऱ्यानें मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलें आणि अण्णांना विचारलें, “मग हा कामाचा तरी निघाला का?” अण्णा म्हणाले, “अजून पाहतों आहें.”

२००१ च्या फेब्रुवारींत जनावरांत लाळ्याखुरकताची सांथ आली. त्या वर्षीं ब्रिटनमध्यें साठ लाखांहून अधिक जनावरें मारावीं लागलीं. वेल्सच्या सरहद्दीवरील हे परगणे सुटले नाहींत. पाऊलवाटा बंद झाल्या, फाटकांना दोर बांधले गेले, वाटांवर जंतुनाशकानें भिजविलेला पेंढा पडला. शेजाऱ्याच्या गोठ्यांत रोग निघाल्यामुळें आमच्या म्हाताऱ्याचीं निरोगी गुरेंही गेलीं. पुढच्या वर्षीं आम्ही गेलों तेव्हां कुरण रिकामें होतें, आणि कोंपऱ्यांत मात्र पांच गाड्या होत्या. त्या उन्हाळ्यांत घरांतलें वाणसामान डब्यांतल्या पैशांवर आलें, असें त्याच्या बायकोनें पुढें कित्येक वर्षांनीं सांगितलें.

आतां माझ्या अपराधाकडे येतों. २००९ सालीं पत्नीचे गुढघे दुखूं लागले व थंडींत विजेच्या शेगडीवांचून भागेना. शेताच्या अभिप्रायवहींत मीं लिहिलें, “सर्व उत्तम, वीज असती तर अधिक बरें झालें असतें.” असें लिहिणारा मी एकटा नव्हतों. गाड्याही दिवसेंदिवस लांब व जड होत चालल्या होत्या. ओल्या गवतांत त्यांचीं चाकें रुतत. म्हाताऱ्यानें जमीन खणून पांच विजेचे खांब बसविले, खडी दाबून पांच टणक जागा केल्या. दर वाढला, आणि दराबरोबर उतारूही बदलले. नव्या मंडळींपैकीं एकानें कोंबडा पहाटे आरवतो अशी लेखी तक्रार केली. म्हाताऱ्यानें तो कागद जपून ठेवला होता व आल्यागेल्यास दाखवी; पण पूर्वीं त्याला असलें कांहीं जपून ठेवावें लागत नसे. आम्ही शेगडी पेटवून सुखानें झोंपत असूं.

त्या खर्चाचा बोजा पांच गाड्यांच्या उत्पन्नाला पेलणें कठीण होतें. २०२२ सालीं विजेचे दर भडकले. खांबाशीं रात्रभर तापणारी शेगडी व ऊन पाणी यांचा हिशेब भाड्यांत बसेना. भाडें वाढवावें, तर तितक्या पैशांत मोठ्या तळावर न्हाणीघरें व दुकान मिळतें. २०२१ पासून इंग्लंडांत शेतकऱ्यांना क्षेत्राच्या मानानें मिळणारें अनुदानही टप्प्याटप्प्यानें घटत गेलें. अशा वेळीं शेतकरी जोडधंद्याला अधिक चिकटून रहातील असें वाटतें. आणि ते रहातातही. पण ज्याला खरोखर पैसा हवा तो जुन्या कोठाराचीं भाड्याचीं घरें करतो, किंवा ऊन पाण्याच्या हौदासह लांकडी खोपटीं मांडतो. पांच गाड्यांच्या नादीं लागत नाहीं. २०२३ च्या जुलैपासून सरकारनेंच इंग्लंडांत वर्षांतून साठ दिवस, पन्नास जागांपर्यंत, तंबूंचा व मोटारघरांचा हंगामी तळ नियोजन-परवानगीच्या अर्जावांचून चालविण्याची मोकळीक दिली. ओढून न्यावयाची कॅरॅव्हॅन मात्र तींत बसत नाहीं. नवीं शेतें दाखला घेतच नाहींत असें नव्हे. पण माझ्या जुन्या यादींत आम्ही उतरलेलीं एकवीस शेतें आहेत, आणि त्यांतील तेरांवर मीं पेन्सिलीनें फुली मारली आहे. बहुतेक ठिकाणीं कारण एकच : म्हातारीं माणसें थकलीं आणि मागें कोणी नव्हतें. हें वाक्य लिहितांना वाईचा मळा आठवतो, आणि मी इतरांच्या मुलांना नांवें ठेवण्याचें सोडून देतों.

आमचा म्हातारा २०१८ सालीं वारला. बाईंनीं आणखी पांच वर्षें जागा चालविली व २०२३ च्या शरदांत दाखला परत केला. मुलगा ब्रिस्टलला हिशेबनीस आहे. गेल्या वर्षीं त्या बाजूनें जातांना आम्ही त्यांना भेटावयास गेलों. फाटकावर पाटी नव्हती. तिच्या खिळ्यांचीं चार भोकें होतीं. विजेच्या खांबांवर काळ्या पिशव्या बांधल्या होत्या आणि माझ्या टणक जागेंतून गवत वर येत होतें. बाईंनीं चहा केला. अण्णा २००६ सालींच गेले, हें त्यांना मीं पूर्वीं सांगितलें होतें, तरी त्यांनीं पुन्हां विचारलें. मग म्हणाल्या, “पैसा म्हणावा तर कधीं फारसा सुटला नाहीं. पण संध्याकाळीं भांडीं धुतांना खिडकींतून पांच दिवे दिसत.”

खांबांविषयीं मला जें बोलावयाचें होतें तें मी बोललों. त्या हंसल्या. “त्यांनाही विजेची हौस होतीच. तुमचें नांव झालें इतकेंच.” हें खरें होतें, कीं माझें मन राखण्यासाठीं होतें, मला ठरवितां आलें नाहीं.

दाखला परत केल्यापासून पैसे घेऊन रात्रभर गाडी उभी करूं देणें बाईंनीं बंद केलें होतें, आणि फुकट रहाण्याचा आग्रह आम्हांला मोडवला. पंचवीस मैलांवरच्या मोठ्या तळावर जागा ठरली होती. निघतांना बाई कुरणाच्या कोंपऱ्यापर्यंत आल्या. “नळ अजून चालू आहे. पाणी लागत असेल तर भरून घ्या.” तेथें पोंचल्यावर जागेवरच पाणी मिळणार होतें. मीं पिंप काढलें, दांडा लावला आणि भरून घेतलें.