ओढतंय, पण थांबेल का?

हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर आष्टीच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरायला लागलेल्या असतील. पुढचे काही महिने परतूर-माजलगाव रस्त्यावर रात्रंदिवस डबल ट्रॉल्या दिसतील. ट्रॉल्या बांधणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा. नवी ट्रॉली न्यायला आलेला माणूस आधी विचारतो, "किती टन बसेल?" मग विचारतो, "माझा ट्रॅक्टर ओढेल ना?" थांबेल का, हे क्वचितच कोणी विचारतं. खरं तर सगळ्यात आधी तेच विचारायला हवं.

ओढणं सोपं असतं. सपाट डांबरीवर चाकं एकदा फिरायला लागली की अठरा टनांची गाडी चालती ठेवायला साधारण तीन-चारशे किलोंचा जोर पुरतो. त्यामुळे पन्नास एचपीचं इंजिन कुरकुरत नाही आणि ड्रायव्हरला वाटतं, अजून दोन टन सहज बसले असते. ट्रॅक्टरचे ब्रेक मात्र त्याच्या स्वतःच्या दोन टनांच्या हिशेबाने केलेले असतात आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. मागे सोळा टन ऊस आणि लोखंड लावलं की थांबवायचं वजन नऊपट होतं, ब्रेकची ताकद तीच राहते. नुसता ट्रॅक्टर चार मीटरमध्ये थांबत असेल, तर हीच गाडी थांबायला छत्तीस मीटर लागतील. वेग वीसचा पंचवीस केला की या अंतरात आणखी निम्म्याहून जास्त भर पडते. ओढ्याच्या उतारावर ट्रॉली मागून रेटते, ट्रॅक्टर आडवा होतो. अशा वेळी डाव्या-उजव्या ब्रेकच्या पॅडलना जोडणारी पट्टी सुटी राहिली असेल, तर एकच चाक धरतं आणि गाडी उलटते. शेतात वळायला सोडलेली ही पट्टी डांबरीवर येण्याआधी लावायची असते. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक ट्रॅक्टरांवर ती गंजून बसलेली असते.

दुसरी गोष्ट भार कुठे बसतो याची. बैलगाडी भरणाऱ्या आपल्या आजोबांना हे पक्कं ठाऊक होतं. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ व्हायची, जू वर उचलायचं. पुढे जास्त भरलं की बैलांच्या मानेवर यायचं. दोन चाकी ट्रॉलीचं गणित तेच आहे. मागे जड झाली की हुक वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते आणि वेगात ट्रॉली शेपूट हलवू लागते. पुढे फार जड झाली की हुक दबतो आणि ट्रॅक्टरचं तोंड वर येतं. चढावर स्टिअरिंग फिरतं, पण गाडी सरळच जाते. त्यावर उपाय म्हणून पुढच्या बंपरवर माणसं बसवतात, ते पाहिलं की पोटात गोळा येतो. भार दांडीवर हवा, पण बेताचा. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा किमान पाचवा भाग पुढच्या चाकांवर राहिलाच पाहिजे.

ही गोष्ट फक्त उसापुरती नाही. २०२१ मध्ये राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकांवरचं घर घेऊन फिरणाऱ्यांनाही हाच हिशेब चुकत नाही. दोनशे लिटरची पाण्याची टाकी भरली की दोनशे किलो वाढले, वर सिलिंडर, बॅटरी, माणसं. टायर आणि एक्सल यांना घर आणि ऊस सारखाच.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११३ प्रमाणे नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त भरता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. पण वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, हप्ता डोक्यावर असतो, डिझेल महाग. मग माणूस खेपा वाढवण्याऐवजी खेपेतला ऊस वाढवतो. त्याला नुसता दोष देऊन मला चालत नाही. पाटे मोडतात, हुकाची पिन वाकते, टायर फुटतो, आणि टनामागे मिळालेले पैसे माझ्या गल्ल्यात येतात. मला ते नको आहेत.

वजन मोजणं अवघड नाही. आधी नुसता ट्रॅक्टर काट्यावर घ्या. मग भरलेली ट्रॉली जोडून फक्त ट्रॅक्टरची चाकं काट्यावर ठेवा. जितकं वाढलं तितका भार हुकावर. शेवटी फक्त पुढची दोन चाकं तोला. आकडा पाचव्या भागाखाली गेला तर ऊस मागे सरकवून भरा, तरीही नाही आला तर उतरवा. प्रत्येक साखर कारखान्याच्या दारात मोठा काटा असतो, तो फक्त ऊस मोजतो. हंगाम सुरू होण्याआधी कारखान्यांनी तो एक दिवस ट्रॅक्टरवाल्यांसाठी मोकळा ठेवावा. माझ्या दुकानातली पोरं आणि मी पाने घेऊन तिथे उभे राहू. ब्रेकच्या पट्ट्या, पिना, साखळ्या आणि मागचे लाल रिफ्लेक्टर तिथल्या तिथे बघून देऊ, मजुरी न घेता.