एका रेषेचा दिलासा

दिल्लीच्या द्वारका उपनगरातील एका गृहनिर्माण सोसायटीत ऐन उन्हाळ्यात आरोग्य शिबिर भरले. रक्तदाब आणि साखर यांच्या जोडीला, पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक रहिवाशाच्या हाती एक लहानशी डबी देण्यात आली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मलाचा नमुना घरीच घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी आणून द्यायचा. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मूळचे बार्शीकडचे एक मराठी गृहस्थ एरवी असल्या गोष्टींपासून दूर राहत. या वेळी मात्र त्यांनी डबी मुकाट्याने घेतली. तीन महिने अधूनमधून शौचावाटे रक्त जात होते. घरी त्यांनी ‘मूळव्याध आहे, उन्हाळा बाधतो’ असे सांगून विषय मिटवला होता.

पट्टीवर एकच रेषा उमटली, म्हणजे रक्त आढळले नाही. ते सुटकेचा श्वास टाकून वर्तमानपत्र उघडतात तोच पत्नीने विचारले, “अहो, रक्त तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. मग ही पट्टी नक्की कशाला नाही म्हणतेय?”

हा प्रश्न वैज्ञानिक होता. त्याच्या उत्तरासाठी आधी ती पट्टी समजून घ्यायला हवी.

द्वारकेच्याच सेक्टर आठमध्ये राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था आहे. मलेरियाची झटपट चाचणी आणि ही मलचाचणी यांची जातकुळी एकच. द्रव केशाकर्षणाने कागदी पट्टीतून पुढे सरकतो. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना जोडलेले प्रतिपिंड त्याच्याबरोबर वाहत जातात. मलेरियाच्या पट्टीत ते परजीवीचे प्रथिन पकडतात, मलचाचणीत मानवी हिमोग्लोबिनमधील ग्लोबिन. पकडलेले कण एका ठिकाणी अडकले की तिथे लालसर रेषा दिसू लागते. दुसरी रेषा केवळ चाचणी नीट चालल्याची खूण असते. आतड्यातील गाठ किंवा पॉलिप खरवडला गेला की थोडे रक्त झिरपते आणि तेच ही पट्टी शोधते. ‘ग्वायक’ या जुन्या चाचणीला मांसाहारातले रक्त किंवा मुळ्यासारख्या भाज्यांतील विकरे फसवत. ‘फिट’ नावाने ओळखली जाणारी ही नवी चाचणी त्यांना फसत नाही.

पण तिच्याही मर्यादा आहेत. गाठ रोज रक्तस्राव करत नाही. ज्या दिवशी ती शांत असते, त्या दिवशीचा नमुनाही स्वच्छ दिसतो. शिवाय ग्लोबिन हे प्रथिन आहे आणि उष्णतेने ते विघटित होते. इटलीतील फ्लोरेन्स येथील तपासणी कार्यक्रमात उन्हाळ्यातील नमुन्यांमध्ये हिवाळ्याच्या तुलनेत कमी हिमोग्लोबिन आढळले होते. पारा चाळिशीपार गेलेल्या दिल्लीत, बाल्कनीत दुपारभर राहिलेल्या डबीचे काय होत असेल, याचा अंदाज त्यावरून करता येतो.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा मात्र रसायनशास्त्रातली नाही, गणितातली आहे. ढोबळमानाने असे धरू की ही चाचणी कर्करोग असलेल्या शंभरांपैकी 80 जणांना ओळखते आणि नसलेल्या शंभरांपैकी 5 जणांना उगाच संशयित ठरवते. आता 10,000 माणसांचा एक काल्पनिक समूह घेऊ. त्यात 50 रुग्ण असतील, तर चाचणी 40 जणांना पकडेल आणि सुमारे 500 निरोगी माणसांवर बोट ठेवेल. म्हणजे प्रत्येक तेरा-चौदा संशयितांमागे एक खरा रुग्ण. त्याच समूहात रुग्ण केवळ 5 असतील, तर चारच पकडले जातील, पण संशयित निरोगी माणसे पुन्हा 500 च! आता सव्वाशे संशयितांमागे एक रुग्ण. चाचणी तीच, रेषाही तीच, पण तिचा अर्थ दहा पटींनी पातळ झाला. त्या पाचशेंपैकी काहींना पॉलिप असतील आणि ते काढल्याने पुढचा कर्करोग टळेल, हेही खरे. पण प्रत्येकाला कोलोनोस्कोपी लागेल आणि ती करणारे हात मोजकेच आहेत.

जपानने 1992 मध्ये, तैवानने 2004 मध्ये आणि नेदरलँड्सने 2014 मध्ये मलचाचणीवर आधारित राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केले. नेदरलँड्समध्ये पहिल्याच वर्षी अपेक्षेहून अधिक लोक संशयित ठरले आणि कोलोनोस्कोपीची व्यवस्था अपुरी पडू लागली. तेव्हा रक्ताची मर्यादा दर ग्रॅम मलामागे 15 मायक्रोग्रॅमवरून 47 वर नेण्यात आली. श्रीमंत, सुसज्ज देशालाही चाचणी आपल्या कुवतीशी जुळवून घ्यावी लागली. भारतात या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने बरेच कमी आहे. उलट मूळव्याध आणि आमांश यांमुळे रक्त दिसणे नेहमीचे. म्हणूनच 2016 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये तिशीनंतरच्या सामूहिक तपासणीसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग निवडले गेले.

सामूहिक तपासणी म्हणजे काय, हे त्या गृहस्थांच्या पत्नीला द्वारकेत येण्याआधीपासून ऐकून ठाऊक होते. त्यांच्या जाऊबाई उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या. याच जिल्ह्यात 1999 पासून बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांच्या सहभागाने 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. आरोग्यसेविका गावोगाव फिरल्या, स्त्रियांशी बोलल्या. चाचणीत काही आढळले त्यांची पुढची तपासणी झाली, उपचार झाले आणि आठ वर्षे नोंद ठेवली गेली. 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 34 मृत्यू झाले, तर नेहमीच्या सेवेवर असलेल्या, आकाराने थोड्या लहान गटात 64. हे यश एकट्या चाचणीचे नव्हते. बोलावणे, तपासणे, उपचार करणे आणि विसरून न जाणे या अखंड साखळीचे ते यश होते.

सोसायटीतल्या शिबिरात डबी होती, साखळी नव्हती. पट्टीवर दुसरी रेषा उमटलेल्यांनी पुढे कुठे जायचे, हे पत्रकात कुठेही लिहिलेले नव्हते. आणि हे गृहस्थ तर त्या साखळीत बसणारेच नव्हते. चाळणी तपासणी असते ती काहीही त्रास नसलेल्यांसाठी. ज्याला रक्त दिसते आहे, त्याचा प्रश्न शिबिराने सोडवायचा नसतो, डॉक्टरांनी सोडवायचा असतो.

पत्नीने पुन्हा विचारले नाही. तिने फक्त डॉक्टरांची वेळ ठरवली आणि जुन्या कागदांची पिशवी दाराशी आणून ठेवली. कोलोनोस्कोपीत डाव्या बाजूच्या आतड्यात एक मोठा पॉलिप सापडला आणि तिथेच काढला गेला. तपासणीत त्यात कर्करोग सुरू झालेला नव्हता. मूळव्याधही होतीच, त्यांचे निदान अर्धे बरोबर होते. धोका होता तो उरलेल्या अर्ध्यात.

ती पट्टी खोटे बोलली नव्हती. त्या दिवशी, त्या नमुन्यात पुरेसे ग्लोबिन सापडले नाही, एवढेच तिने सांगितले होते. ‘तुम्ही ठीक आहात’ हे वाक्य त्यांनी स्वतःच तिच्या तोंडी घातले होते.