शाई, वाफ आणि शेवटची दहा मिनिटं

गोळ्यांच्या खोक्यावर, बिस्किटांच्या पुड्यावर, तेलाच्या बाटलीच्या खांद्यापाशी ठिपक्याठिपक्यांची एक ओळ असते: बॅच क्रमांक, तारीख, किंमत. गिऱ्हाईक ती वाचतं आणि वस्तू पिशवीत टाकतं. ही ओळ छापणारी मशीनं बंगळुरूत तुमकूर रस्त्यालगतच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत अनेक कारखान्यांत दिसतात. कामगार त्यांना ‘कोडिंग मशीन’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘इंकजेट’. ही टिपणं त्या मशीनसमोर उभं राहणाऱ्यांसाठी आहेत, आणि त्यांना तिथं उभं करणाऱ्यांसाठीही.

*

आधी मशीन चालतं कसं ते. शाई दाबाखाली नोझलमधून सुटते. नोझलचं भोक साधारण 60-70 मायक्रॉनचं, म्हणजे केसाच्या जाडीएवढं. आतला पिझो स्फटिक इतक्या वेगानं थरथरतो की शाईच्या धारेचे सेकंदाला हजारो सारखे थेंब होतात. अक्षरात ज्या थेंबांना जागा आहे, तेवढ्यांनाच विद्युतभार दिला जातो. पुढे हजारो व्होल्टच्या दोन पट्ट्यांमधून जाताना ते वळतात आणि डब्यावर बसतात. बाकीचे सरळ जाऊन समोरच्या बारीक नळीत, म्हणजे गटरमध्ये पडतात आणि परत टाकीत जातात. डबा पुढे सरकत राहतो. मशीन त्याला कुठंही टेकत नाही.

छापायचं काही नसलं तरी जेट सुरू असेपर्यंत शाई फिरतच राहते. फिरताना तिच्यातला द्रावक उडतो, शाई घट्ट होते. म्हणून मशीन दुसऱ्या बाटलीतून ‘मेकअप’ ओढून घेतं. हा मेकअप म्हणजे शुद्ध द्रावक. बाटली जितक्या वेळा बदलली, तितका द्रावक बराचसा खोलीच्या हवेत गेला. ऑपरेटरला पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट हीच.

*

या यंत्रामागं मोठी माणसं आहेत. पाण्याची धार तुटून थेंब का होतात याचं गणित लॉर्ड रॅले यांनी 1878 च्या सुमाराला मांडलं. स्वीडनच्या रूने एल्मक्विस्ट यांनी 1951 मध्ये शाईच्या बारीक धारेनं आलेख काढणाऱ्या उपकरणाचं पेटंट घेतलं. 1958 मध्ये माणसाच्या छातीत पहिला पेसमेकर बसवला गेला, तो बनवणारेही हेच. अमेरिकेत स्टॅनफर्डला रिचर्ड स्वीट यांनी थेंबांना विद्युतभार देऊन वळवण्याची रीत शोधली; त्यांचा निबंध 1965 मध्ये प्रसिद्ध झाला. कोडिंग मशीनं आजही त्याच तत्त्वावर चालतात. एवढी बुद्धी ज्यात ओतली आहे, ते यंत्र हाताळणाऱ्याला धड शिकवलं पाहिजे. लाल दिवा लागला की हे बटण दाबायचं, एवढ्यावर भागत नाही.

*

एमईके, म्हणजे मिथाइल इथाइल किटोन. बहुतेक जलद सुकणाऱ्या शायांत हाच द्रावक असतो. प्लास्टिकवर, काचेवर, पत्र्यावर शाई एक-दोन सेकंदांत सुकते ती याच्यामुळे. याचा ज्वलनांक उणे 9 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. म्हणजे बंगळुरूत डिसेंबरच्या पहाटेसुद्धा उघड्या बाटलीच्या तोंडाशी पेट घेईल इतकी वाफ असतेच. कमी असते ती फक्त ठिणगी.

ही वाफ हवेच्या अडीचपट जड. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते, कन्व्हेअरखाली, केबलच्या चरात, पायरीच्या कोपऱ्यात साचते. छताजवळचा एक्झॉस्ट पंखा तिला बाहेर काढू शकत नाही. हवा खालून ओढायला हवी.

आता हिशेब. एक लिटर एमईके सांडून सगळं उडालं, तर बंगळुरूच्या उंचीवर त्याची जवळपास तीनशे लिटर वाफ होते. हवेत ही वाफ दोन टक्क्यांच्याही खाली असताना पेटू शकते. म्हणजे ती वाफ सारखी पसरली, तर दहा फूट बाय सात फूट, आठ फूट उंच खोली पेटण्याजोगी करायला एका लिटरची बाटली पुरते. शाईचं स्टोअर अनेक ठिकाणी एवढंच असतं. या खोलीत मोबाइल चार्जर नको, साधा स्विचबोर्ड नको, दुपारच्या डब्यासाठी शेगडी तर नकोच नको.

*

वास. नव्या मुलाला पहिल्या दिवशी वास येतो, आठवड्याभरात येईनासा होतो. वाफ तितकीच असते, नाक सरावलेलं असतं. आठ तासांच्या पाळीसाठी बऱ्याच देशांत दहा लाख भाग हवेत 200 भाग ही मर्यादा धरतात. ती ओलांडली की नाही हे नाकाला कळत नाही, त्यासाठी मापन करावं लागतं. डोकं जड होणं, डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं या तक्रारी संध्याकाळी वाढत असतील आणि रविवारी नाहीशा होत असतील, तर डोकेदुखीची गोळी वाटण्याआधी हवा तपासून घ्या.

*

हातमोजे. निळे नायट्राइलचे पातळ मोजे सगळीकडे दिसतात. तेलाला, ग्रीसला ते चांगले. एमईकेपुढे मात्र थोडा वेळच टिकतात, मग द्रावक आत झिरपतो. मोज्याच्या आत ओला राहिलेला हात उघड्या हातापेक्षा वाईट, कारण तिथून वाफ उडून जायलाही वाट नसते. एमईकेसाठी ब्यूटाइल रबराचे मोजे योग्य. ते महाग पडतात. एखादा थेंब उडण्याची भीती असलेल्या कामाला नायट्राइल चालेल, पण भिजला की लगेच बदलायचा. हेड, म्हणजे नोझल, पट्ट्या आणि गटर असलेला भाग, धुवायला, गळती पुसायला ब्यूटाइलच हवा. हाताला लागलेली शाई मेकअपनं पुसायची सवय जागोजागी आहे, ती मोडायला हवी. त्वचेचं तेल निघून जातं, भेगा पडतात आणि पुढचा द्रावक भेगेतून आत जातो. साबण आणि पाणी, दोनदा तीनदा.

डोळ्यांना बाजूनं बंद असलेला चष्मा. जेट सुरू असताना नोझलसमोर डोळा नेऊन ‘धार सरळ येते का’ पाहायचं नाही. डोळ्यात गेलंच तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार. त्यासाठी नळ जवळ हवा आणि त्याला पाणी हवं. टँकरवर चालणाऱ्या शेडमध्ये ही दुसरी गोष्ट रोज तपासावी लागते.

*

हेड धुतल्यावर सुकू द्या. सगळ्यांत जास्त घाई इथंच होते. लाइन थांबलेली, सुपरवायझर मागं उभा, ऑपरेटर हेडवर द्रावक मारतो आणि ओलं असतानाच झाकण लावून जेट सुरू करतो. नशीब चांगलं असेल तर हाय व्होल्टेज ट्रिप होतं आणि मशीन बंद पडतं. नसेल तर ओल्या द्रावकाशेजारी हजारो व्होल्टची ठिणगी पडते. धुताना हाय व्होल्टेज बंद, हेड धातूच्या, अर्थिंग जोडलेल्या भांड्यात, धुऊन झाल्यावर पट्ट्या, गटर, कोपरे कोरडे, मगच झाकण. झाकणाचा सेन्सर चुंबक लावून फसवणारे पाहिले आहेत. तो सेन्सर माणसासाठी बसवलेला असतो, हे पुन्हा पुन्हा सांगत राहावं लागतं.

*

स्थिर वीज. फेब्रुवारी-मार्चमध्ये बंगळुरूच्या दुपारी हवा अगदी कोरडी होते. प्लास्टिकची फिल्म रोलवरून उलगडताना, पॉलिएस्टरचा शर्ट खुर्चीवर घासताना भार साचतो. एका प्लास्टिकच्या भांड्यातून दुसऱ्या प्लास्टिकच्या भांड्यात द्रावक ओतला की तोही भार घेतो. म्हणून भांडी धातूची, एकमेकांना आणि जमिनीला तारेनं जोडलेली. कामाला सुती कपडे. मशीनची अर्थिंगची तार रंगावर नव्हे, खरवडलेल्या धातूवर घट्ट बसलेली. ती दर महिन्याला मीटर लावून तपासावी. नुसती दिसते म्हणून ती जोडलेली आहे असं समजू नये.

*

नोझल अडलं की टाचणी शोधली जाते. साठ-सत्तर मायक्रॉनच्या भोकात टाचणीचं टोकसुद्धा शिरत नाही. पडतो तो ओरखडा. धार कायमची तिरकी होते आणि गटर चुकते. शाई मग हेडभर पसरते. उलट दिशेनं द्रावक ओढून नोझल साफ करण्याची सोय बहुतेक मशीनांत असते, ती आधी वापरा. तेवढ्यानं भागलं नाही तर नोझल काढून अल्ट्रासोनिक भांड्यात.

एका शाईच्या टाकीत दुसरी शाई कधीही मिसळू नये, रंग सारखा दिसला तरी. आणि शाईच्या बाटलीवरची मुदत पाहावी. इतरांच्या मालावर मुदत छापणाऱ्या कारखान्यात मुदत संपलेली शाई वापरू नये, एवढं तरी पाळता येतं.

*

बंद करण्याची पद्धत. मशीनला ‘जेट बंद’ सांगितलं की ते नोझल धुतं, गटरची नळी रिकामी करतं, मग स्वतः थांबतं. त्याला काही मिनिटं लागतात. पाळी संपली, बस खाली उभी आहे, म्हणून भिंतीवरचा मेन स्विच पाडला की शाई आहे तिथं सुकते. सकाळी पहिल्या पाळीचा माणूस ती सुकलेली शाई घाईनं, भरपूर द्रावक ओतून, ओल्या हेडनं काढतो. रात्रीची घाई सकाळी दुसऱ्याच्या अंगावर येते. शहराच्या आसपास वीज अचानक जाते, म्हणून यूपीएस हवा; निदान मशीनला नीट थांबण्यापुरता.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. जेवणाच्या सुटीसाठी दरवेळी जेट बंद करू नका. प्रत्येक चालू-बंदला थोडा द्रावक शाईत जातो, शाई पातळ होते, छपाई फिकी पडते.

*

2020. 25 मार्चला देशभर टाळेबंदी लागली आणि मशीनं आहेत तशी थांबली. 7 मे रोजी विशाखापट्टणमला पॉलिमर कारखाना पुन्हा सुरू करण्याच्या काळात स्टायरीनची गळती होऊन माणसं गेली. 9 मे रोजी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं कारखान्यांना सूचना काढली: पहिला आठवडा चाचणीचा समजा, मोठी उत्पादन उद्दिष्टं धरू नका. ही सूचना टाळेबंदीपुरती नाही. दिवाळीच्या सुटीनंतर, संपानंतर, ऑर्डर नसलेल्या महिन्यानंतरही तीच लागू पडते. लांब सुटीआधी शाई काढून यंत्रणा द्रावकानं धुऊन ठेवावी. परत सुरू करताना नळ्या, सांधे, फिल्टर पाहूनच दाब द्यावा.

त्याच वर्षी 10 नोव्हेंबरला म्हैसूर रस्त्यालगत होसगुड्डदहळ्ळीत रसायनांच्या गोदामाला आग लागली. भोवती घरं होती. साठा किती आणि कुठं ठेवायचा, हा प्रश्न कारखान्याच्या भिंतीआड राहत नाही, तो शेजाऱ्यांचाही असतो. मशीनपाशी एका पाळीला पुरेल एवढीच शाई ठेवावी, बाकी स्टोअरमध्ये. जवळ कोरड्या पावडरीचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक, ज्याची तपासणी झाली आहे असं. पाण्याचा जोरदार फवारा पेटता द्रावक पसरवतो.

*

खंडेनवमी. बंगळुरूत आयुधपूजा कारखान्याकारखान्यात होते. मशीन पुसतात, झेंडू आणि केळीचे खुंट बांधतात, कुंकू भरलेला कोहळा फोडतात. वर्षभर ज्याच्यावर पोट चालतं त्याला हात जोडण्याची ही रीत मला फार जवळची वाटते. म्हणूनच एक विनंती: कोडिंग मशीनपाशी कापूर, निरांजन, उदबत्ती नको. आदल्या दिवशी शाईच्या आणि मेकअपच्या बाटल्या स्टोअरमध्ये न्या, मशीन बंद करा, पॅनेलला हार घाला. आरती शेडच्या दारात मोकळ्या हवेत करा. फोडलेला कोहळा लगेच उचला; ओल्या फरशीवर घसरून पडणारेही आपलेच.

*

चिंध्या. द्रावकानं भिजलेलं कॉटन वेस्ट उघड्या खोक्यात टाकलं की दिवसभर वाफ सोडत राहतं. त्याला झाकणाचा धातूचा डबा हवा आणि तो रोज रिकामा व्हायला हवा. वापरलेला द्रावक आणि शाईचा गाळ 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांखाली येतो: नोंद ठेवायची, साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, परवानाधारकालाच द्यायचा. गटारात ओतला तर दिसेनासा होतो, एवढंच. पीण्याच्या भूजलानं उद्योगांचं पुष्कळ सोसलं आहे. त्या परिसरात बोअरवेलचं पाणी वापरणारी घरंही आहेत.

*

भाषा. बाटलीवरच्या धोक्याच्या सूचना इंग्रजीत. मशीनपुढे मात्र कोणी हासनचा, कोणी ओडिशाचा, कोणी बिहारचा, कोणी आमच्या खानापूरचा. कन्नड आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत, चित्रांसह एक तक्ता मशीनशेजारी लावायला फारसा खर्च येत नाही. कन्व्हेअरपाशी पॅकिंगला बायका असतात. पदर, ओढणी, वेणी रोलरपासून दूर कशी ठेवायची, आणीबाणीचं लाल बटण कुठं आहे, हे त्यांनाही दाखवायला हवं. मशीन त्यांचं नसलं तरी धोका त्यांचाही आहे.

*

अक्षर वाचता आलं पाहिजे. पाकिटबंद मालावरच्या मजकुरासाठी 2011 चे वैधमापन नियम आहेत. 1 ऑगस्ट 2023 पासून औषधांच्या 300 ब्रँडांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला, खरं औषध ओळखता यावं म्हणून. एखाद्या बॅचमध्ये दोष निघाला तर ती बाजारातून परत बोलावायची ती याच ओळीच्या आधारावर. फिकी, तुटकी ओळ म्हणजे न सापडणारी बॅच. मशीनची निगा ही अशी औषध घेणाऱ्या अनोळखी माणसापर्यंत पोचते.

*

वर लिहिलेल्या गोष्टींपैकी अवघड एकही नाही. हेड सुकू देणं, नीट बंद करणं, चिंध्या डब्यात टाकणं, तार तपासणं: सगळ्यांना वेळ लागतो आणि तो वेळ ऑपरेटरच्या हातात नसतो. पाळीचं उद्दिष्ट शेवटच्या मिनिटापर्यंत ताणलेलं असेल, तर कितीही शिकवलेला माणूस मेन स्विच पाडूनच बससाठी धावेल. त्याला निष्काळजी म्हणणं अन्यायाचं आहे. म्हणून उत्पादनाच्या तक्त्यात प्रत्येक पाळीची शेवटची दहा मिनिटं मशीन धुण्यासाठी आणि थांबवण्यासाठी लिहून टाका, पगारी वेळेत, मालकाच्या सहीनं. ती दहा मिनिटं कापणाऱ्या सुपरवायझरला, गळती झाल्यावर विचारतो तोच जाब गळतीच्या आधी विचारा.