अर्धी टाकी

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतलेल्या पोराला गावाकडे सुट्टी नसते. मिक्सरपासून मोटारपंपापर्यंत जे बिघडेल ते त्याच्यापुढे येतं. माझे मामा सेनगाव तालुक्यात राहतात. त्यांनी जुनी अल्टो 800 घेतली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "भाच्या, फुल टाकीत ही किती पळंल?"

वरवर पाहता हे चौथीचं गणित. टाकी 35 लिटरची. 2012 साली ही गाडी आली तेव्हा कंपनीने सांगितलेलं मायलेज 22.74. गुणाकार केला की 796 किलोमीटर. मामा खूश!

पण मित्रहो, हा 22.74 चा आकडा रस्त्यावरचा नाही. अशी चाचणी गाडी रोलरवर ठेवून, ठरलेल्या वेगाने, एसी बंद ठेवून घेतात. तिथे ना खड्डे, ना मागच्या सीटवर चार पाहुणे, ना डिकीत ज्वारीचं पोतं. म्हणून आम्ही मायलेज स्वतःच मोजायचं ठरवलं. पंपावर नोझलचा पहिला कट पडेपर्यंत पेट्रोल भरलं, ट्रिप मीटर शून्यावर आणलं. पुढच्या वेळी त्याच पंपावर परत पहिल्या कटापर्यंत भरलं. गाडी चालली 391 किलोमीटर, पेट्रोल बसलं 23 लिटर. म्हणजे लिटरला 17.

कट पडल्यावर मामा म्हणाले, "आणखी टाक की गळ्यापर्यंत." मी नको म्हटलं. टाकीत वर थोडी जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल थंड असतं, आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात ते फुगतं. 20 अंशांनी तापलं तर 35 लिटरमागे अर्ध्या लिटरहून जास्त!

तळाचं पेट्रोलही मोजायचं नाही. फ्युएल पंप टाकीतच बुडालेला असतो आणि त्याला थंड ठेवायचं काम पेट्रोलच करतं. गेजवरही फार विसंबू नये. आत दांडीला एक तरंगता फ्लोट असतो, तो वरखाली झाला की रेझिस्टन्स बदलतो. टाकीचा आकार वेडावाकडा, त्यात रस्ता चढाचा असला की आकडा हलतो. म्हणून शेवटचे 5 लिटर सोडून दिले. उरले 30. तीस गुणिले सतरा, 510 किलोमीटर. कागदावरचे 286 किलोमीटर गायब!

मामा जरा हिरमुसले. मग त्यांनी विचारलं ते आमच्या एकाही व्हायव्हात कुणी विचारलेलं नाही. "ते जाऊ दे. रातच्याला नांदेड करून यायला किती लागंल?"

आमच्या भागात दुखणं मोठं असलं की हिंगोलीहून पुढे नांदेड. मामांच्या दारातून जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास किलोमीटर. म्हणजे 12 लिटर. त्यात तळाचे 5 मिळवा, झाले 17. बरोबर अर्धी टाकी. त्या दिवसापासून मामांचा नियम ठरला, शेतीच्या कामाला कितीही हिंडा, अर्ध्याखाली गाडी घरी आणायची नाही. मामी म्हणायच्या, "हजाराचं पेट्रोल नुसतं बसवून ठेवता." खेड्यात हजार रुपये बसवून ठेवणं सोपं नाही, हेही खरंच.

गेल्या पावसाळ्यात रात्री दीडला शेजारच्या वहिनींना कळा सुरू झाल्या. हिंगोलीला नेलं, तिथून नांदेडला न्यायला सांगितलं. कळमनुरी मागे पडली, धो धो पाऊस, रस्त्यावर उघडा पंप दिसेना. गाडीत सगळे घाबरलेले होते, पण पेट्रोलची चौकशी कुणालाच करावी लागली नाही. पहाटे मुलगी झाली. आता ती रांगते.

कंपनी रिझर्व्ह ठरवते तो गाडीचा. आपला रिझर्व्ह आपल्या गावापासून दवाखाना किती लांब आहे त्यावरून काढावा लागतो. दिवाळीत घरी जाल तेव्हा घरच्या गाडीचं मायलेज एकदा कट ते कट मोजा, आणि तेवढा आकडा घरच्यांना लिहून देऊन या.