पडद्यामागचं मानापमान

'संगीत मानापमान' हे नाव नाटकापेक्षा रंगपटालाच जास्त शोभतं, असं मला नेहमी वाटत आलंय.

मार्च १९११ मध्ये किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचं हे नाटक रंगभूमीवर आणलं. बालगंधर्व भामिनी, नानासाहेब जोगळेकर धैर्यधर, गणपतराव बोडस लक्ष्मीधर आणि चाली गोविंदराव टेंब्यांच्या. आणखी काय हवं? पण त्याच वर्षी जोगळेकर वारले आणि मंडळीत कुरबुरी वाढल्या. १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि बोडस बाहेर पडले. गंधर्व नाटक मंडळी निघाली, तिघांच्या भागीदारीत. पुढे टेंबे गेले, बोडसही गेले. किर्लोस्कर मंडळीत नंतर आले ते आपल्या मंगेशीचे दीनानाथ. १९१८ मध्ये त्यांनीही ती सोडली आणि चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत बळवंत मंडळी काढली.

हे सगळं फक्त पैशांसाठी? मला नाही वाटत. आम्ही कारकून लोक सिनियॉरिटी लिस्टवरून भांडतो, नट वन्समोअरवरून. त्यात कंपनीचा मुक्काम आज या गावात, उद्या त्या गावात. एकाच बिऱ्हाडात राहायचं, एकाच पंगतीला जेवायचं. रुसून जाणार कुठे?

आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात दोन जुने नट एकमेकांशी बोलत नसत. तालमीला एक आला की दुसरा विडी ओढायला बाहेर. पण नाटकाच्या रात्री एकाचं भाषण अडलं, तेव्हा दुसऱ्याने लोकांकडे पाठ फिरवून पुढचं वाक्य हळूच सांगितलं. प्रॉम्प्टरलासुद्धा कळलं नाही. नाटक संपल्यावर दोघे दोन वाटांनी घरी!

म्हणून ८ जुलै १९२१ ची मुंबईतली रात्र मला मोठी वाटते. टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर ललितकलादर्शचे केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, दोघांचे भक्त एकमेकांना पाण्यात पाहणारे. कोण सरस ठरला, यावर लोक पुढे कितीतरी वर्षं वाद घालत बसले. मला मात्र त्या दोघांनी एकमेकांसमोर उभं राहायला होकार दिला, हेच मोठं वाटतं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं ३१. तो होकार पुढच्या हंगामावर ढकलला असता तर?