ताटातली मतं

श्री. राल्फ नेडर यांस,


आमच्याकडे निकालाच्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘अपक्षानं मतं खाल्ली!’ तुमच्यावर हा शिक्का बसला तो २००० साली. फ्लोरिडात रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश अवघ्या ५३७ मतांनी जिंकले आणि त्या जोरावर अध्यक्ष झाले. तिथे ग्रीन पार्टीचे उमेदवार म्हणून तुम्हाला पडली होती ९७,४८८ मतं. हरलेले डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांची माणसं तेव्हापासून तुमच्या नावानं बोटं मोडताहेत. गंमत अशी की, त्याच राज्यात सोशॅलिस्ट वर्कर्स पार्टीच्या उमेदवाराला ५६२ मतं मिळाली. हिशेबच करायचा तर तेवढीही पुरली असती. पण त्या बिचाऱ्याला कुणी शिव्या घातल्याचं ऐकिवात नाही.

आणि खाल्ली म्हणायचं, तर मतं आधी कुणाच्या तरी ताटात वाढलेली हवीत. मोटारींच्या सुरक्षिततेवर १९६५ साली पुस्तक लिहून बलाढ्य कंपन्यांशी भिडलेला माणूस म्हणून ज्यांनी तुम्हाला मत दिलं, ते काही गोर यांचं देणं लागत नव्हते.

तरी एक माप तुमच्याही पदरात घालतो. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक या दोन्ही पक्षांत फारसा फरक नाही, असं तुम्ही प्रचारात सांगत होतात. इराकवर चाल करून गेलेलं बुश यांचं सरकार आणि गोर यांचं सरकार सारखंच निघालं असतं, हे मला आजही पटत नाही.

पण ३ ऑक्टोबर २००० ची बॉस्टनमधली ती संध्याकाळ आठवा. पाहण्यांमध्ये १५ टक्के पाठिंबा नाही, म्हणून अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या वादचर्चेच्या मंचावर तुम्हाला जागा नव्हतीच. तुमच्या हातात होतं ते शेजारच्या सभागृहात बसून पडद्यावर चर्चा पाहण्याचं तिकीट. तरीही तुम्हाला दारातून परत पाठवलं!

बरं, मंच मिळून तरी काय होतं? अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना १९९२ मध्ये मिळाला होता. त्यांनी देशभरात जवळपास १९ टक्के मतं घेतली आणि अध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टोरल कॉलेजमध्ये शून्य. कारण मेन आणि नेब्रास्का सोडली, तर राज्यात जो पहिला येतो तो सगळेच प्रतिनिधी घेऊन जातो.

खोट आहे ती या मोजणीत. मेननं अमेरिकी संसदेच्या २०१८ च्या निवडणुकीत पसंतीक्रम आणला. आमच्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात नावापुढे १, २, ३ लिहितात ना, तसाच. एका मतदारसंघात पहिल्या फेरीत रिपब्लिकन उमेदवार किंचित पुढे होते. मग दोन अपक्षांची मतं दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीनुसार वाटली गेली आणि डेमोक्रॅट जेरेड गोल्डन निवडून आले. अपक्षाला दिलेलं मत वाया गेलं नाही.

फ्लोरिडानं मात्र २०२२ साली कायदा करून या पद्धतीवर बंदी घातली.