ओसरीवरून दिसणारा डोंगर

पावसाळा उलगडला, हवा धुतली गेली, की अकोट-दर्यापूरच्या शिवारातून उत्तरेला सातपुड्याची निळी रांग स्वच्छ दिसू लागते. वखरावर असलेला माणूस तासाच्या शेवटी बैल वळवताना तिच्याकडे एकदा पाहतो. कपाशी वेचणारी बाई कंबर सरळ करायला उभी राहते तेव्हा तिच्याही डोळ्यांसमोर तीच रांग असते. जन्मभर पाहिलेला हा डोंगर आपल्यापैकी किती जणांनी पायाखाली घातला आहे? हात वर करा म्हटले तर फार थोडे होतील.

शेतकऱ्याला ‘फिरायला चला’ म्हटले की तो हसतो. दिवसभर सऱ्या तुडवणाऱ्याने आणखी कशाला चालायचे? हा प्रश्न मलाही पडत असे. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून नोकरीची अठ्ठावीस वर्षे गेली. या काळात मी शेतकऱ्यांच्या सहली हिवरे बाजारला नेल्या, राळेगणसिद्धीला नेल्या, विद्यापीठाच्या शिवार फेरीला तर किती वेळा नेल्या त्याची मोजदाद नाही. घरामागच्या डोंगरावर मात्र एकदाही कोणाला नेले नाही. ती चूक माझ्या ध्यानात आणून दिली आमच्या थोरल्या वहिनींनी.

आमचे घर अकोट तालुक्याच्या दक्षिण अंगाला, खारपाणपट्ट्यात. ज्यांना हा पट्टा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीतले पाणी खारे आहे. विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते पिता येत नाही आणि पिकालाही देता येत नाही. दिले तर दोन-तीन हंगामांत काळी जमीन चोपण होते, ढेकूळ फुटत नाही. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा पहाटे उठून नदीच्या वाळूत झिरा उकरायचा, वाटीवाटीने गुंड भरायचा आणि मग चूल पेटवायची, असा रिवाज होता. दादा पाच वर्षांपूर्वी मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेले. नरनाळ्याला एकदा जायचे, असे ते दर दिवाळीला म्हणत. कधी वेचणी आडवी येई, कधी तूर, कधी कोणाचे लग्न.

गेल्या मार्गशीर्षात मी घरी गेलो असताना वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुमचे दादा अवंदा जाऊ, अवंदा जाऊ करत गेले. आता मले तरी नेऊन दाखवा. माह्याच्यानं चालनं होईन का पण?”

वहिनींचे वय चौसष्ट, उजवा गुडघा दुखरा. म्हणून चढाची वाट न धरता मी भाड्याची जीप केली. अकोटहून उत्तरेला निघाले की पोपटखेड लागते. तिथला धरणाचा जलाशय पाहूनच वहिनींनी गाडी थांबवायला लावली. पुढे पायथ्याचे शहानूर गाव. नरनाळा हे अभयारण्य आहे आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडते, तेव्हा वनखात्याच्या फाटकावर नोंद करून, फी भरून, वाटाड्या घेऊनच वर जावे लागते. आमचा वाटाड्या कोरकू पोरगा होता, विशी-बाविशीचा. वहिनींनी त्याला त्याच्या भाषेतले दोन-चार शब्द विचारले आणि त्यांतला एकही ओळखीचा निघाला नाही याचे त्यांना नवल वाटले. नवल वाटण्यासारखेच आहे. आपल्या पाठीला पाठ लावून राहणाऱ्या या लोकांची बोली मराठीच्या नात्यातली नाही, ती दूर झारखंडातल्या मुंडारी-संथाळीच्या कुळातली आहे.

मोटारीचा रस्ता माथ्यापर्यंत जातो. घाट चढताना जमीन कशी बदलते ते मी वहिनींना दाखवत होतो. खाली हातभर खोल काळी, मग मध्यम, मग नुसता मुरूम, आणि त्या मुरमात उभा साग. धावड्याची पाने तांबूस झालेली, सालईची खोडे चकाकणारी, आवळे लगडलेले. आपली काळी माती या काळ्या पाषाणाचीच लेक आहे. लाखो वर्षे हा डोंगर झिजत गेला, नद्यांनी त्याचा गाळ खाली नेला, आणि पूर्णेच्या खोऱ्यात आपण त्यावर कपाशी घेतो. बी.एस्सी.ला अकोल्याला हे मी पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. डोळ्यांनी पाहिले ते मात्र त्या दिवशी.

माथ्यावर गाडी सोडली. तिथून पुढचे चालणे म्हणजे आपल्या पांदीने शेतावर जाण्याइतके सोपे. महाकाली दरवाजा आधी पाहावा. बहामनी काळातला, इ. स. १४८७ च्या सुमाराचा. दगडात कोरलेली जाळी, कमळे आणि वर अक्षरांच्या ओळी. वहिनी त्या कमळांवरून हात फिरवत बराच वेळ उभ्या होत्या. पुढे राणीमहाल, सक्कर तलाव, तेला-तुपाची म्हणतात ती टाकी, आणि नऊगजी तोफ. बसत-उठत, शिदोरी सोडून जेवत, सगळे फिरायला आम्हाला तीन-साडेतीन तास लागले. गुडघ्याने तक्रार केली नाही. कुठे पायऱ्या झिजलेल्या आहेत, तिथे काठी टेकावी एवढेच.

तलावाच्या वाटेवर मी काठीने पाचोळा उकरला. वरचा थर कोरडा, खालचा ओलसर काळा आणि त्याखाली मुळ्यांचे जाळे. पावसाळा जाऊन दोन महिने झाले तरी ओल होती. आमच्याकडे माती तपासणीत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघतो, आणि आम्ही अधिकारी मंडळी शेतकऱ्याला कागदावर ‘कमी’ असे लिहून देतो. कमी म्हणजे काय आणि भरपूर म्हणजे काय, हे त्या मूठभर मातीइतके कोणत्याही कागदाने मला सांगितले नव्हते. पाऊस इथे पडतो तो पानावर, पानावरून पाचोळ्यावर आणि तिथून जमिनीत जातो. धावत सुटत नाही. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा मी भिंतीभिंतीवर रंगवून घेतली आहे. हे रान मुकाट्याने तेच करते.

दक्षिणेकडच्या तटावर आलो. खाली सगळा मैदानी मुलूख धुरकट पसरला होता. वहिनी डोळ्यांवर हात धरून आपले गाव शोधू लागल्या. ते दिसणार नव्हतेच. मग मी सांगितले की आपल्या नळाला येते ते वान धरणाचे पाणी, म्हणजे याच डोंगराचे. तेल्हारा तालुक्यात वारी भैरवगडला वान नदी डोंगरातून बाहेर पडते तिथे धरण आहे आणि तिथून नळ टाकून खारपाणपट्ट्यातल्या गावांना पाणी जाते.

वहिनी गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढं गोड पानी उशाशी होतं, अन् आम्ही वाळू उकरत होतो व माय.”

यावर मी काय बोलणार? दोघेही थोडा वेळ बसलो. पोरग्याने आणलेले आवळे खाल्ले, वर पाणी प्यायलो. आवळ्यावरचे पाणी गोड लागते हे सर्वांना माहीत आहेच.

परतताना त्यांनी आणखी एक प्रश्न टाकला. “एवढं रान असताना ते रोही आपल्या हरभऱ्यात काऊन येतात?” वाटाड्या हसला. रोही हा दाट जंगलाचा प्राणी नव्हेच. त्याला मोकळे माळ आणि झुडपे लागतात. माळ आपण वाहितीत आणले आणि तो आपल्या पिकात आला. रात्र रात्र जागून राखण करणाऱ्याचे या उत्तराने समाधान होणार नाही हे मला कळते. पण रानाचा राग धरून रोह्याचा बंदोबस्त होत नाही, हेही खरे.

नरनाळ्याने भीड चेपली आणि पौषात, संक्रांतीच्या आधी, वहिनी स्वतः होऊन चिखलदऱ्याला निघाल्या, सुनेला घेऊन. परतवाड्याहून एसटीने घाट चढलो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १११८ मीटरवर, थंडी चांगलीच बोचते, तेव्हा शाल-स्वेटर विसरू नये. विदर्भात कॉफी पिकते ती इथेच. वाटेवर मोथ्याला गवळ्यांचा खवा मिळतो आणि अलीकडे तिकडे स्ट्रॉबेरीही होते. ती मी सुनेला मुद्दाम दाखवली, पण तिला खव्यातच अधिक रस होता.

चिखलदऱ्याची मौज ही की वर पोहोचल्यावर सगळे सपाट. भीमकुंड, पंचबोल हे कडे डांबरी रस्त्याने चालत पाहता येतात. पंचबोलला हाक मारली की दऱ्या परत बोलतात. तिथे कठड्याच्या आतच उभे राहावे, पोरांचा हात सोडू नये. गाविलगड गावाला लागूनच आहे. पठारातून एक अरुंद मान निघते आणि त्या मानेवरून किल्ल्यात जाता येते, चढ असा नाहीच. १४२५-२६ च्या सुमारास अहमदशहा बहामनीने तो बांधवला. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने तो घेतला, तेव्हा या मानेच्या बाजूला तोफा आणण्यासाठी त्यांना डोंगरातून वाट फोडत कित्येक मैल फिरून यावे लागले होते. आज आपण त्याच बाजूने चपला घालून रमत जातो. आत तळी आहेत, मोठी मशीद आहे, दरवाजावर दोन तोंडांचा पक्षी कोरलेला आहे. फार आत गवतातून एकट्याने जाऊ नये. मोहाच्या दिवसांत, म्हणजे फाल्गुन-चैत्रात, या रानात अस्वलांचा वावर वाढतो. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, तिथे विडी पेटवू नये, धूर करू नये.

देवी पॉइंटला आम्ही शेवटी गेलो. कपारीत देवीचे ठाणे आहे आणि वरच्या खडकातून पाणी ठिबकत असते. चंद्रभागा इथूनच निघते. वहिनींचे माहेर दर्यापूरकडचे. दर्यापूरला लागून वाहणारी चंद्रभागा हीच, हे ऐकल्यावर त्यांचा विश्वास बसेना. “पंढरपूरची नव्हे?” म्हणाल्या. नव्हे, आपलीच. लहानपणी ज्या नदीवर धुणे धुतले तिचे मूळ चौसष्टाव्या वर्षी त्या पाहत होत्या. सुनेने फोटो काढायला पुढे बोलावले तर त्या हलल्या नाहीत. थेंबाखाली ओंजळ धरून उभ्या होत्या. ओंजळ भरायला वेळ लागत होता.

जवळच कपारीत प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि कुरकुऱ्यांच्या पुड्या पडल्या होत्या. वहिनींनी पदर खोचला आणि हाताला येतील तेवढ्या पिशवीत भरल्या. मग सुनेनेही भरल्या, आणि मला वाकावेच लागले.

जाणाऱ्यांनी एवढे पाहावे. एसटीच्या वेळा आणि नरनाळ्याच्या फाटकाची सुटी आदल्या दिवशी विचारून घ्यावी, पावसाळ्यात तर नक्कीच. बूट नसले तर पट्ट्याची चप्पल चालेल, सपाता नकोत. सकाळी लवकर निघावे आणि दिवस मावळायच्या आत रान सोडावे. शिदोरी घरची न्यावी, पाणी दर माणशी दोन लिटर. हंगाम म्हणाल तर पोळा ते दसरा हिरवे असते, पण धुके आणि निसरड असते. म्हाताऱ्या माणसांना मार्गशीर्ष-पौष बरा.

परवा वहिनींचा फोन आला. त्यांच्या बचत गटातल्या अकरा जणी नरनाळ्याला यायचे म्हणतात, त्यांतली एक बहात्तरची आहे. तूर सोंगून झाली की निघायचे ठरले आहे. गाडी मी पाहायची, वाटाड्या तोच पोरगा हवा, आणि ठेचा किती जणांचा करायचा ते आधी सांगा, असा निरोप आहे.